हापुसाला घातलेलं मीठ

मला आंबा आवडत नाही. लग्नाला पंचवीसेक वर्षं झाली, अजून मी हे सासरी कळू दिलेलं नाही. पिकल्या आंब्याचा वास घरात कोंडला की माझं कपाळ ठणकतं, धागे दातांत अडकतात, रस मनगटावरून कोपरापर्यंत ओघळतो आणि मग दिवसभर हाताला माश्या बसतात. मराठी घरात असं बोललं की लोक आधी हसतात आणि मग तुमच्याकडे जरा संशयानं पाहायला लागतात. म्हणून मी गप्प बसले, आणि अशा या बाईच्या आयुष्यातली सोळा वर्षं परसातल्या आंब्याला पाणी घालण्यात गेली.

माझं माहेर झाशीतलंच, लक्ष्मी तालाच्या, म्हणजे तलावाच्या, बाजूचं. आमचे पूर्वज पेशवाईत कारभारासाठी इकडे आले आणि परत जायचं राहून गेलं. घरात आम्ही मराठीच बोलतो, पण तिच्यात हिंदी इतकी मुरलीय की कुठली कुठे संपते ते आमचं आम्हाला कळत नाही, आणि काही शब्द इतके जुने की महाराष्ट्रातले पाहुणे गालातल्या गालात हसतात. सासऱ्यांना मी मामंजी म्हणते, नणंदेला वन्सं. सासर मात्र कोकणातलं. मामंजी तरुणपणी रत्नागिरीकडून रेल्वेच्या नोकरीला इथे आले, वर्कशॉपात चार्जमन म्हणून निवृत्त झाले आणि सीपरी बाजारच्या मागे घर बांधून इथेच राहिले. साठाहून जास्त वर्षं झाशीत काढूनही "आमच्याकडे" म्हणजे त्यांच्या लेखी रत्नागिरी, आणि झाशी म्हणजे नुसतं "इथे". इथलं पाणी जड, इथली भाजी निबर, इथली सून हिंदाळलेली.

आणि आमच्याकडे, म्हणजे त्यांच्याकडे, दारात हापूस होता. हे वाक्य मी जेवताना ऐकलंय, पाहुण्यांसमोर ऐकलंय, आजारपणात ऐकलंय. हातगाडीवर कोणी दशेरी घेऊन आला तर त्यालाही ते सोडत नसत. "हमारे दरवाज़े पे हापूस था," असं त्याला सांगत, आणि तो बिचारा "अच्छा, बाबूजी" म्हणून तराजू सावरी. बायको गेल्यावर त्यांचं हे बोलणं आणखी वाढलं. मरण्याआधी स्वतःच्या दारचा एक हापूस खायचा, एवढीच आता इच्छा उरलीय, असं ते कुणालाही सांगत. वन्सं दर मे महिन्यात ठाण्याहून पेटी पाठवतात, पण ती चालायची नाही. दारचाच हवा.

परसात आधीपासून एक रायवळ होता. प्लॉट घेतला तेव्हापासूनचा. कोणी लावलेला नाही. कुणीतरी बाठा टाकला असेल आणि तो रुजला असेल. इथले लोक त्याला बीजू म्हणतात. फळ मुठीत मावेल एवढं, आत धागेच धागे, आणि पिकलं की दोन दिवसांत अळी. जूनमध्ये खाली नुसता सडा पडायचा. त्यावर माश्या, गांधीलमाश्या आणि एक आंबलेला वास, जो स्वयंपाकघरात थेट तव्यावरच्या पोळीपर्यंत यायचा. रोज सकाळी मी फावड्यानं तो लगदा गोळा करायची आणि तोंड फिरवून टोपल्यात टाकायची. एकदा पायाखाली फुटलेल्या फळातून अळ्या वर आल्या आणि त्या दिवशी मी जेवले नाही. पण कैरी चांगली होती, हे मान्य करायला हवं. करकरीत आणि डोळे मिटायला लावणारी आंबट. गल्लीतल्या सगळ्या घरांत लोणचं आमच्या कैरीचं असायचं. शेजारीण इथल्याच एरच गावची, बुंदेली बोलणारी. होळी झाली की ती भिंतीवरून झाडाकडे बघायला लागायची. या झाडाला कोणी कधी तांब्याभरही पाणी घातलं नव्हतं. किती उन्हाळे आले, बोअर आटले, ते आपलं उभं होतं.

मामंजींना ते बघवत नसे. "धाग्यांची गोणी" म्हणायचे त्याला.

सोळा वर्षांपूर्वी ते गावी एका लग्नाला गेले आणि परत येताना रेल्वेच्या पासावर हापुसाची दोन कलमं घेऊन आले. मुळांना ओलं गोणपाट, वर स्वतःचा मफलर. गाडीत सगळा वेळ ती मांडीवर होती म्हणे. परसात हातभर मातीखाली खडक. दोन मजूर दोन दिवस पहारीनं खणत होते. आमचं परस भिंतीकडे उतरतं आहे. वरच्या अंगाला, नळाजवळ, कलमं लावली. खालच्या अंगाला रायवळ होताच. पहिल्याच जानेवारीत आठ दिवस धुकं बसलं आणि मग पाला पडला, म्हणजे दंव गोठलं. एक कलम सकाळी बघितलं तर पानं उकडल्यासारखी काळी. मामंजी त्या दिवशी दाढी न करता बसून राहिले. दुसरं वाचलं, आणि आमच्या घरात वनवास सुरू झाला.

झाशीतला उन्हाळा ज्यांनी काढलाय त्यांना सांगायला नको. एप्रिलपासून लू, बोअरला फुस्स आवाज, टँकर कधी येईल ते देव जाणे. प्यायचं पाणी झाडाला घालायची कोणाची छाती होणार? मग ठरलं की हापुसाला घरातलं वापरलेलं पाणी जाईल. ठरवलं मामंजींनी, वाहायचं मी. न्हाणीघराच्या मोरीला बोळा घालून खाली टब ठेवायचा आणि सगळ्यांच्या आंघोळीनंतर तो उपसायचा. त्यात साबणाचा साय धरलेला थर, यांच्या दाढीचा फेस, माझेच गळलेले केस. तांदूळ धुतलेलं पाणी वेगळ्या बादलीत. ते दुपारपर्यंत राहिलं की असं घाणायचं की नाकाला पदर लावून उचलावं लागे. वॉशिंग मशीनचं शेवटचं पाणी, भाजीचं पाणी, कूलरच्या टाकीतलं तळाचं शेवाळी पाणी. झाडाभोवतीच्या आळ्यात हे सगळं ओतलं की वर केसांची जाळी राहायची. ती मी काठीनं गोळा करायची. आळ्यात डासांच्या अळ्या वळवळायच्या. वर मामंजी मागच्या दारात उभे राहून विचारायचे, "पूर्ण गेलं का मुळाशी?"

"गेलं, मामंजी."

"बाजूनं सांडतंय बघ."

सांडायचंच. परस उतरतं होतं. जास्तीचं पाणी आळ्यातून झिरपत खाली रायवळाकडे जायचं. मला त्यात काही वावगं वाटलं नाही; उलट वाटायचं, त्या बिचाऱ्यालाही थोडं मिळतंय.

आणि हे करून फळ? हापूस सहाव्या वर्षी मोहरला. त्या वर्षी मोहोरावर तुडतुडे आले. झाडाखाली उभं राहिलं की अंगावर बारीक फवारा पडल्यासारखं व्हायचं. तो पाऊस नव्हता, त्या किड्यांनी सोडलेला चिकट रस होता. दोरीवरचे कपडे, तुळस, अंगणातली फरशी, सगळं चिकट आणि मग काळं. चप्पल फरशीला चिकटून सुटताना येणारा आवाज अजून माझ्या अंगावर काटा आणतो. पुढच्या वर्षी मोहोर स्वच्छ होता तर फेब्रुवारीतच मेसारखं तापलं आणि तो करपला. त्यानंतर एकदा वाटाण्याएवढी फळं धरली तर आंधी आली. हे मोबाइलवर हवामान बघून सांगायचे, "आज हलका पाऊस." यायची धूळ. हवामान बदललंय, बदललंय, असं टीव्हीवर ऐकून आम्हीही म्हणायला लागलो, पण आमच्या घरी हवामानाचा अर्थ एवढाच होता की मामंजी जेवताना बोलणार नाहीत.

मग गारांचं वर्ष आलं. मार्चमध्ये भर दुपारी दहा मिनिटं गारा पडल्या आणि दोन्ही झाडं सोलून गेल्या. हापुसाचे शेंडे मोडले. रायवळाच्या कोवळ्या कैऱ्या एकूण एक खाली. बाठासुद्धा धरला नव्हता, लोणच्याच्या कामाच्या नव्हत्या. शेजारीण भिंतीवरून म्हणाली, "काय जिज्जी, अब अचार काए कौ डारबी?" मी लोणच्यासाठी पाच किलो खडेमीठ आणून ठेवलं होतं. ते तसंच कोनाड्यात राहिलं आणि पावसाळी हवा लागल्यावर पिशवीतून पाझरायला लागलं.

त्याच सुमारास मामंजींनी मिठाचं काढलं. त्यांच्याकडे नारळाच्या बुंध्याशी मीठ घालतात. त्यावरून त्यांच्या डोक्यात आलं की हापूस समुद्राकाठचा, त्याला खारं वारं लागतं. इथे समुद्र नाही, तर निदान मीठ तरी घालावं.

"मामंजी, नारळाचं वेगळं असेल," मी म्हटलं.

"तुला काय माहीत? तुमच्या झाशीत नारळ वाण्याच्या दुकानात उगवतो."

"मूठभर घाल" असं ते रोज सांगायचे. चहाच्या वेळी, आंघोळीच्या वेळी, मी देवासमोर बसले असताना. महिनाभर मी टाळलं. एका दुपारी लाइट गेलेली, तांदळाच्या पाण्याची बादली पायावर सांडलेली, आणि आतून आवाज आला, "घातलंस का मीठ?" माझं डोकं फिरलं. कोनाड्यातली ती ओली पिशवी उचलली आणि पाचच्या पाच किलो आळ्यात उपडी केली. खरं सांगते, झाड मरावं असंच माझ्या मनात होतं. मेलं की सुटले, एवढं एकच मला कळत होतं. आत जाऊन म्हटलं, "घातलं मीठ." मामंजींचा चेहरा खुलला.

पंधरा दिवसांत हापुसाला तांबूस पालवी फुटली. गारांनी शेंडे मोडले होते, ती फुटायचीच होती. पण ते कोणी ऐकणार? मीठ लागू पडलं, असं घरभर झालं. मामंजींनी ठाण्याला फोन करून वन्संना सांगितलं, वन्संनी गावी सांगितलं, गावच्यांनी शाबासकी दिली. मी पिशवीभर ओतलं होतं हे मी कोणाला सांगितलं नाही. श्रेय मिळत असलं की माणूस किती चटकन गप्प बसतो, याची मला अजून घृणा वाटते.

झालं, त्या वर्षापासून आमच्याकडे आषाढात मीठ घालायचा दिवस ठरला. सणासारखा. मामंजी परसात खुर्ची टाकून बसायचे, पुढे खडेमिठाचा वाडगा, आणि मी वाकून आळ्यात पसरायची. मूठभराचा वाडगाभर झाला, पुढच्या वर्षी दोन वाडगे, पालवी जरा उशिरा आली की मध्येच आणखी एक. पाच वर्षं हे चाललं. त्यातली दोन वर्षं पाऊस नावाला पडला. सावन कोरडा गेला, ताल खपाटीला लागला, आमचा बोअर दसऱ्यालाच बंद. मीठ वाहून न्यायला वरून पाणी नव्हतं. हापुसाला मात्र रोजचं आंघोळीचं पाणी मिळत होतं, आणि ते झिरपत खाली जात होतं.

रायवळाची पानं कडेनं जळायला लागली. शेजारणीनंच आधी दाखवलं. "जिज्जी, बीजू खों का हो गओ? पत्ता झुलस गए."

"पाऊस कुठे आहे," मी म्हटलं. सगळ्यांनी तेच म्हटलं. दुष्काळ म्हटलं की कशाचंही खापर त्याच्यावर फोडता येतं. चाळीस वर्षं ज्यानं पाणी मागितलं नाही त्याला एकाएकी कशी तहान लागली, हा प्रश्न मला पडायला हवा होता. मला तर त्याचा सडा कमी झाल्याचं बरंच वाटलं होतं.

गेल्या हिवाळ्यात मामंजी न्हाणीघरात पडले. खुब्याचं हाड मोडलं. अठ्ठ्याऐंशीव्या वर्षी ऑपरेशन नको म्हणाले डॉक्टर. तेव्हापासून ते पुढच्या खोलीत पलंगावर आहेत. परस त्यांना दिसत नाही. ते मला विचारतात आणि मी सांगते, असं आमचं चालतं.

आणि त्याच वर्षी, फेब्रुवारीत, रायवळ असा मोहरला की गल्लीतले लोक बघायला आले. प्रत्येक काडीला तुरा, खोडालासुद्धा. शेजारीण बरण्या धुवायला लागली. हापुसालाही बऱ्यापैकी मोहोर होता. तुडतुड्यांसाठी फवारणी करायला नर्सरीवाल्या भैयाला बोलावलं. तो हापूस सोडून रायवळाखाली जाऊन उभा राहिला, वर बघितलं, खोडावर बोटानं वाजवलं.

"भाभीजी, ये तो जाते-जाते फूल रहा है."

मी म्हटलं, "मतलब?"

"मरता हुआ पेड़ ऐसे ही फूलता है. सारा ज़ोर निकाल देता है." तो खाली बसला. बुंध्याजवळची माती बोटानं उकरली. वर पांढरट पापुद्रा होता. चिमटीभर जिभेला लावून तो थुंकला. "ये तो खारा है. यहाँ नमक किसने डाला?"

"यहाँ नहीं डाला," मी म्हटलं. हे अगदी खरं होतं. मग त्यानं मान वळवून वरच्या अंगाचं आळं पाहिलं, उतार पाहिला, माझ्या हातातली बादली पाहिली.

"ऊपर वाले को रोज़ पानी मिला, उसका धुल गया. सब नीचे आके इसकी जड़ में बैठ गया."

मी त्याला म्हटलं, साबणाचं पाणी असेल. तो हो म्हणाला. त्याला माझ्याशी वाद घालण्यात काही रस नव्हता. तो गेल्यावर मी त्या बुंध्याशी बसले आणि मलाही चाखून बघावंसं वाटलं. चाखलं. मातीचा, साबणाचा आणि मिठाचा असा तो लिबलिबीत चिखल होता. ओकारी आली मला, आणि ती नुसती चिखलाची नव्हती. मला हापूस मारायचा होता. तो मी जपला, आणि ज्यानं माझ्याकडे काही मागितलं नव्हतं त्याला पाच वर्षं वाकून वाकून मारलं.

यांना सांगितलं. हे पेपर खाली न ठेवता म्हणाले, "बाबांना कळू देऊ नकोस." आमच्या घरात प्रत्येक गोष्टीवर हेच औषध आहे.

मेच्या अखेरीस आंधी आली आणि रायवळाची मोठी फांदी शेजारच्या भिंतीवर कोसळली. भिंतीला तडा गेला. पानं तोवर बहुतेक गळलीच होती. काळ्या काड्यांना लटकलेली छोटी छोटी फळं, तेवढंच उरलं होतं. बाकीचं झाड कोणाच्या डोक्यात पडायच्या आत पाडायचं ठरलं. करवत मशीनवाले आले. आधी त्यांनी फळं उतरवली. निम्मी शेजारणीनं पाल लावायला, म्हणजे पिकत घालायला, नेली, थोडी मी पलंगाखाली गवतात आढी घालून ठेवली, का ते मलाही नीट सांगता येणार नाही. मग दिवसभर मशीन चाललं. पुढच्या खोलीतून मामंजींनी विचारलं, "काय चाललंय गं?"

"शेजारी काम चाललंय," मी म्हटलं.

"कुठलं झाड कापतात?"

"ते पलीकडचं."

दोन दिवसांनी बुंधाही खणून काढला. त्या जागेवर यांनी वॉशिंग मशीनसाठी ओटा बांधायला घेतला. सिमेंटची पोती आली. जागा बरी झाली म्हणाले.

इकडे हापुसाला तीन फळं धरली होती. सोळा वर्षांत पहिल्यांदा मोठी झालेली फळं. एक त्याच आंधीत गेलं. एक पोपटांनी अर्धं खाल्लं. तिसऱ्याला मी जुन्या सुती ओढणीची पिशवी बांधली आणि रोज ती सोडून बघायची. जूनच्या पहिल्या आठवड्यात ते काढलं, तांदळात ठेवलं, आणि काय सांगू, असं देखणं पिकलं की मलाही त्याचा राग येईना. मी ते मामंजींच्या हातात दिलं. त्यांनी देठापाशी नाक नेलं, बराच वेळ धरून ठेवलं. डोळे भरून आले होते.

"काप," म्हणाले.

स्वयंपाकघरात नेऊन कापलं. सुरी बाठ्यापाशी गेली आणि मऊ काहीतरी लागलं. आतला गर पांढरा, स्पंजासारखा, भोकाभोकांचा. साका. दुसरी फोड केली, तिथेही तेच. सालीलगत पातळ केशरी पट्टी, आत हे. आंबलेला वास आला आणि मी मागे सरकले. बाठ्याला लागलेला तो पांढरा भाग बोटानं दाबला तर पू निघावा तसा रस आला. सोळा वर्षं केसांची जाळी, दाढीचा फेस, सडकं तांदळाचं पाणी, आणि त्याचं हे फळ. मी सगळं कचऱ्याच्या पिशवीत कोंबलं आणि पिशवीला दोन गाठी मारल्या.

मग पलंगाखालचे रायवळ काढले. चार पिळले. धागे कळू नयेत म्हणून रस फडक्यातून गाळला, चिमूटभर साखर घातली, वाडग्यात चमचा ठेवला. त्यांची नजर अधू आहे, जीभही आता कितीशी असणार, असा माझा हिशेब. घरात लपवालपवीची सवय लागली की हात आपोआप चालतात.

त्यांनी एक चमचा घेतला. दुसरा घेतला. थांबले.

"हा रायवळ आहे."

मी वाडगा घ्यायला हात पुढे केला. त्यांनी तो सोडला नाही.

"हापूस?"

"साका निघाला, मामंजी. सगळा. टाकला मी."

आता ओरडतील असं वाटलं. त्यांनी चमच्यानं रस ढवळला.

"बरं केलंस. साक्याचे खाऊन खाऊन शिसारी आली होती आम्हाला."

"कधी?"

"लहानपणी." त्यांनी तिसरा चमचा घेतला. "बाग खोतांची. वडील राखणीला होते, खोपट बागेतच. दारात हापूस होता हे काही खोटं नाही. पण तो पेट्यांत जायचा. हात लावला तर वडील मारायचे. साका पडलेले तेवढे आमच्याकडे टाकायचे."

"मग तुम्ही खायचात काय?"

"हे. बांधावर एक रायवळ होता, कुणाचा नव्हता. त्याला आम्ही सहा भावंडं." ते जरा हसले. "गाळलास कशाला? बाठे आण."

मी बाठे आणले. पलंगावर जुना टॉवेल पसरला. त्यांनी चारही बाठे पांढरे होईपर्यंत चोखले. हनुवटीवरून रस उतरत होता, टॉवेलवर माश्या आल्या होत्या, आणि मी उभी होते. मला किळस येत होती, पण त्यांची नव्हे. साठ वर्षं या माणसानं हापूस हापूस केलं, पंचवीसेक वर्षं मी ते ऐकलं, आणि दोघांनी मिळून परसातलं नेमकं तेच झाड मारलं.

मी त्यांचे हात पुसत असताना ते म्हणाले, "आता पाणी त्याला घालत जा. हापुसाचं पुरे झालं. इतकी वर्षं त्या रायवळाला कोणी विचारलं नाही."

मी बरं म्हटलं. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी विचारलं, "घातलंस का?" मी म्हटलं, "घातलं." तेव्हापासून ते रोज विचारतात आणि मी रोज तेच सांगते. परवा त्यांनी यांना हाक मारली आणि म्हणाले, थंडी सरली की मला खुर्चीत घालून मागे न्या, रायवळाचा मोहोर बघायचाय. हे माझ्याकडे बघायला लागले.

"नेऊ," मी म्हटलं.